जुन्या जीपला पॉवर ब्रेक : बोलेरोचा बूस्टर, टीएमसी आणि पुढच्या डिस्क

जुन्या महिंद्रा जीपला ‘पॉवर ब्रेक करून द्या’ म्हटलं की बहुतेक गॅरेजांत एकच काम होतं. कुठला तरी व्हॅक्यूम बूस्टर लावतात, पेडल मऊ होतं आणि मालक खूश होऊन गाडी घेऊन जातो. पण पेडल मऊ होणं वेगळं आणि गाडी कमी अंतरात, सरळ रेषेत थांबणं वेगळं. बूस्टर फक्त पायाचे कष्ट कमी करतो. ड्रम (चाकासोबत फिरणारं भांडं), त्याला आतून घासणारे लायनर, पाइप आणि ब्रेक ऑइल होते तसेच राहतात. उलट त्यांच्यावर आता जास्त दाब येतो, त्यामुळे फुटायच्या बेतात आलेला पाइप आता खरंच फुटतो.

हे परीक्षण आहे महाराष्ट्रात बऱ्याचदा केल्या जाणाऱ्या बदलाचं : बोलेरोचा व्हॅक्यूम बूस्टर, त्याला जोडलेला टँडम मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारं दुहेरी नळकांडं, गॅरेजच्या भाषेत टीएमसी) आणि पुढच्या चाकांना डिस्क. बोलेरो २००० सालापासून रस्त्यावर आहे, तिचे भाग तालुक्याच्या दुकानातही मिळतात आणि बहुतेक मिस्त्रींचा हात त्यावर बसलेला आहे. घाटात किंवा आडवाटेला काही बिघडलं तर हीच गोष्ट सगळ्यात मोलाची ठरते.

आमचं मत आधीच सांगतो. टीएमसी प्रत्येक जुन्या जीपला हवाच. डिस्क आणि बूस्टर घ्यायचे तर दोन्ही एकत्र घ्या. ड्रम तसेच ठेवून नुसता बूस्टर लावणं हा तिन्हींतला सगळ्यात वाईट सौदा, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त केला जातो.

मुळात गाडीत काय असतं

विलीस या अमेरिकन कंपनीच्या सीजे-३बी घराण्यातल्या जीपची मूळ रचना साधी आहे. चारही चाकांना ९ इंची ड्रम, पावणेदोन इंच रुंद लायनर, फ्लोअरमधून वर आलेलं पेडल आणि ड्रायव्हरच्या पायाखाली चेसिसला बसवलेला १ इंच बोअरचा एकेरी मास्टर सिलिंडर. हँडब्रेक चाकांना नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. इतक्या वर्षांत अनेक जीपांचे ॲक्सल आणि ड्रम बदललेले असतात, त्यामुळे भाग आणण्याआधी ड्रमचा आतला व्यास आणि लायनरची रुंदी स्वतः मोजा.

या रचनेचा खरा दोष जड पेडल हा नाही. खरा दोष म्हणजे चारही चाकं एकाच सर्किटवर आहेत. मागचा एक रबरी होज फाटला, एखाद्या व्हील सिलिंडरचं रबर उलटलं, की पेडल थेट फ्लोअरला टेकतं आणि चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. मग हातात उरतो तो शाफ्टवरचा हँडब्रेक. तो उभी गाडी धरण्यासाठी आहे. वरंधा किंवा कुंभार्लीच्या उतारावर वेगात ओढला तर सगळा भार शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) येतो, आणि क्रॉस तुटला की तोही गेला.

टीएमसीमध्ये एका नळकांड्यात दोन पिस्टन असतात. पुढच्या चाकांचं सर्किट वेगळं, मागच्यांचं वेगळं. एक गेलं तरी पेडल बरंच खाली जाऊन का होईना, दुसरं गाडी थांबवतं. म्हणून खर्चाला मर्यादा असेल तर पैसे आधी इथे घाला.

आणि त्याच्याही आधी फुकटातलं काम करा : शू (लायनर बसवलेल्या कमानी) ॲडजस्ट करा. या ड्रममध्ये शूच्या वरच्या बाजूला कॅम आणि खालच्या बाजूला एक्सेंट्रिक अँकर पिन असते. बहुतेक ठिकाणी फक्त कॅम फिरवतात. अँकर पिन हलवली नाही तर लायनरचं एकच टोक ड्रमला घासतं. फिलर गेजने अँकरकडच्या टाचेला ५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि वरच्या टोकाला ८ थाऊ फट ठेवा. नवे लायनर लावले असतील तर ते ड्रमच्या गोलाईला घासून बसवून घ्या. एवढं नीट झाल्यावर निम्म्या लोकांना पॉवर ब्रेकची गरज वाटेनाशी होते.

बूस्टरचं गणित

बूस्टरच्या डब्यात रबरी पडदा असतो. एका बाजूला व्हॅक्यूम, दुसऱ्या बाजूला पेडल दाबल्यावर आत येणारी बाहेरची हवा. या दोन दाबांतला फरक गुणिले पडद्याचं क्षेत्रफळ, एवढा जोर मिळतो. व्हॅक्यूम २० इंच पाऱ्याइतका, म्हणजे साधारण ५०० मिमी धरला, तर ७ इंची बूस्टर जास्तीत जास्त १७० किलोच्या आसपास जोर लावतो, ८ इंची २२० आणि ९ इंची २८०.

पायाने ३० किलो दाब दिला आणि पेडलचा लिव्हर ६ पट असेल, तर १ इंची मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर १८० किलो येतात आणि पाइपमध्ये चौरस सेंटिमीटरला ३५ किलोच्या जवळपास दाब तयार होतो. तेच पेडल ४ पट लिव्हरचं करून ८ इंची बूस्टर लावला, तर तो पूर्ण जोरात असताना हा आकडा ६७ पर्यंत जातो. जवळपास दुप्पट.

आता हा दाब कोणाला हवा आहे ते पाहा. ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्याने आपोआप ड्रममध्ये आणखी रुतत जातो, म्हणून त्याला कमी दाब पुरतो. डिस्कच्या पॅडला अशी मदत मिळत नाही, त्याला सगळा जोर ऑइलच्या दाबातूनच लागतो. म्हणून बूस्टरशिवाय डिस्क लावली तर पेडल दगडासारखं लागतं. आणि ड्रमवर बूस्टर लावला तर हलक्या दाबालाच चाक एकदम लॉक होतं, विशेषतः खडीवर आणि ओल्या पानांवर. डिस्क आणि बूस्टर यांची जोडी आहे, ती तोडू नये.

पेडलचा लिव्हर हा लोक विसरतात तो भाग. पॉवर ब्रेक नसलेल्या गाडीत तो ६ ते ७ पट असतो, बूस्टरच्या गाडीत ४ ते ५ पट पुरतो. जुनं लांब पेडल तसंच ठेवून बूस्टर लावला की पेडल खोल जातं आणि पायाला अंदाज येत नाही. पिव्होटपासून पायाच्या पॅडपर्यंतचं अंतर मोजा, त्याला पिव्होटपासून पुशरॉडच्या पिनेपर्यंतच्या अंतराने भागा. उत्तर ५ च्या वर आलं तर पिनेचं भोक बदलावं लागेल. बोलेरोचं लटकतं पेडल त्याच्या पेडल बॉक्ससकट घेतलं तर हा प्रश्न उरतच नाही, आणि आमची शिफारस तीच आहे.

कुठे बसवायचा

दोन जागा आहेत. एक, जुन्या मास्टर सिलिंडरच्या जागी फ्लोअरखाली. दोन, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) बॉनेटच्या आत.

फ्लोअरखालचं काम स्वस्त आणि झटपट होतं, मूळ पेडल राहतं. पण बूस्टर मागच्या बाजूने हवा आत घेतो. ओढ्यात गाडी घातली आणि पाण्यात ब्रेक दाबला की हवेऐवजी पाणी आणि गाळ आत खेचला जातो. आतला स्प्रिंग आणि डबा गंजतो, पडद्याला भोक पडतं. शिवाय मास्टर सिलिंडर कॅलिपरच्या (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या भागाच्या) खाली आल्याने ऑइल मागे उतरतं, त्यामुळे डिस्कच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह घालावा लागतो. आणि फ्लोअरचं झाकण उघडून ऑइल बघण्याचा कंटाळा सगळेच करतात. कोकणात किंवा मावळात पावसाळ्यात फिरणाऱ्या जीपसाठी ही जागा आम्ही नाकारतो.

फायरवॉलवर बसवायचा तर पत्र्याचं बघा. जीपचा फायरवॉल पातळ असतो. त्यावर नुसता बूस्टर आवळला तर पाय दाबताना पत्रा पुढे झुकतो आणि ब्रेकमध्ये हवा राहिल्यासारखं स्पंजी पेडल लागतं. मग मिस्त्री तीन-तीनदा एअर काढतो आणि काही फरक पडत नाही. पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी ५ ते ६ मिमीची प्लेट द्या, पेडल बॉक्स वरच्या काउलला (काचेखालच्या पत्र्याला) पट्टीने बांधा, आणि ८.८ ग्रेडचेच बोल्ट वापरा. तपासणी सोपी आहे : एकाने इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबायचं, दुसऱ्याने मास्टर सिलिंडरच्या टोकाकडे बघायचं. टोक १ मिमीपेक्षा जास्त पुढे सरकलं तर प्लेट अपुरी आहे.

बूस्टर आणण्याआधी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा डबा करून बसवून बघा. स्टिअरिंग कॉलम, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, बॉनेटची कड आणि इंजिन हलल्यावर होणारी जवळीक, हे सगळं त्यातच कळतं. एक्झॉस्टपासून किमान चार बोटं अंतर आणि मध्ये पत्र्याची आड द्या, नाहीतर टीएमसीतलं ऑइल तापतं.

व्हॅक्यूम कुठून आणायचा

पेट्रोल हरिकेन इंजिनाला इनटेक मॅनिफोल्डवर व्हॅक्यूम मिळतो. इंजिन चांगलं असेल तर आयडलिंगला १८ ते २० इंच. रिंगा झिजलेल्या इंजिनात तो १४-१५ वर येतो आणि बूस्टर अर्धवट काम करतो. गेज लावून बघितल्याशिवाय बूस्टर विकत घेऊ नका.

डिझेलला थ्रॉटल नसतो, म्हणून मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमच नसतो. प्युजोच्या एक्सडीपी ४.९० इंजिनाच्या (९० मिमी बोअर, २११२ सीसी) जीपला वेगळा पंप लागतो. सगळ्यात सोयीचा म्हणजे मागे व्हॅक्यूम पंप जोडलेला अल्टरनेटर. त्यात तीन गोष्टी चुकतात.

पहिली, ऑइलची परतीची नळी. पंपाला इंजिनचं ऑइल बारीक नळीने मिळतं, ते ऑइल खेचलेल्या हवेसकट संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) परत जावं लागतं. परतीची नळी आतून किमान १२ मिमी हवी, सतत उतरती हवी, मध्ये कुठे झोळ नको, आणि संपमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडायला हवी. ही नळी तुंबली किंवा मुडपली की पंपाचं सील जातं आणि ऑइल अल्टरनेटरच्या वाइंडिंगमध्ये शिरतं. मग दोष अल्टरनेटरला दिला जातो.

दुसरी, पट्टा. चार्जिंग आणि ब्रेक आता एकाच पट्ट्यावर आहेत. पट्टा तुटला की बॅटरीचा दिवा लागतो. तो दिवा आता ब्रेकचाही इशारा आहे हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. दिवा बंद पडलेला असेल तर आधी तो दुरुस्त करा.

तिसरी, नळी. व्हॅक्यूमची नळी खास जाड भिंतीची हवी. डिझेलची साधी नळी गरम झाली की आतून चिकटते आणि बूस्टर मध्येच काम सोडतो. नॉन-रिटर्न (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या) व्हॉल्व्हवरचा बाण पंपाच्या दिशेला हवा.

आडवाटेला जाणाऱ्या गाडीला आणखी एक वस्तू आम्ही सक्तीची मानतो : ३ ते ४ लिटरची व्हॅक्यूम टाकी, स्वतःच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसकट. चढावर इंजिन बंद पडलं की गाडी मागे येऊ लागते. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरताच असतो. अशा वेळी घाबरून पेडल पंप करायचं नाही, एकदा दाबून धरून ठेवायचं, रिव्हर्स गिअर टाकायचा. टाकीमुळे हाताशी आणखी काही दाब राहतात. लडाखच्या ५,३०० मीटरच्या खिंडीत हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे तिथे बूस्टरची मदतही साधारण निम्मीच मिळते. पेडल जड लागलं म्हणून तिथे ब्रेक खोलत बसू नका.

पुशरॉड : अर्ध्या मिलिमीटरचं काम

या सगळ्या बदलात जास्तीत जास्त गाड्या परत येतात त्या इथे. बूस्टरमधून बाहेर येणारा पुशरॉड आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यात ०.५ ते १ मिमी फट हवी. फट नसेल तर पिस्टन थोडा पुढेच राहतो, ऑइल परत टाकीत जाण्याचं बारीक भोक बंद राहतं, आणि ब्रेक गरम होऊन ऑइल फुगलं की त्याला जागा मिळत नाही. पाच-सहा किलोमीटरवर गाडी जड होते, दहावर चाकं धरतात, थंड झाल्यावर सुटतात. फट जास्त असेल तर पेडलचा पहिला इंच-दीड इंच वाया जातो.

मोजायची पद्धत : पिस्टनच्या खोबणीत प्लॅस्टिसिनची (मुलांच्या खेळण्यातल्या मातीची) छोटी गोळी ठेवा, मास्टर सिलिंडर दोन नटांनी पूर्ण बसवा, पेडलला हात न लावता परत काढा, आणि चपटी झालेली गोळी व्हर्नियरने मोजा. आवळताना गॅस्केट किंवा वायसर वापरणार असाल तर मोजतानाही तेच ठेवा.

ब्रेक चिकटत असतील तर रस्त्यावरच कारण शोधता येतं. चाकं धरलेली असताना मास्टर सिलिंडरचे बूस्टरकडचे दोन नट २ मिमी सैल करा. चाकं सुटली तर पुशरॉड लांब आहे, किंवा ब्रेक लाइटच्या स्विचने पेडल पूर्ण वर येऊ दिलेलं नाही. सुटली नाहीत तर धरलेल्या चाकाची निप्पल (हवा आणि ऑइल बाहेर सोडायचा बारीक स्क्रू) उघडा. ऑइल जोरात उडून चाक सुटलं तर दाब लाइनमध्ये अडकला आहे : रबरी होज आतून सुजला आहे किंवा टीएमसीच्या त्या तोंडात ड्रमसाठीचा १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह राहिला आहे. निप्पल उघडूनही चाक धरलेलंच असेल तर कॅलिपरचा पिस्टन, त्याच्या सरकत्या पिना किंवा शूचे स्प्रिंग बघा. या क्रमाने गेलं तर अर्ध्या तासात उत्तर मिळतं, आणि उगाच नवा बूस्टर घ्यावा लागत नाही.

पाइप आणि आटे

लाइन ३/१६ इंच, म्हणजे ४.७५ मिमीच्या स्टीलच्या बंडी ट्यूबची हवी. साधा तांब्याचा पाइप सहज वाकतो म्हणून वापरतात, पण कंपनांनी तो कडक होतो आणि फ्लेअरच्या (पाइपच्या पसरवलेल्या टोकाच्या) मानेला तडकतो. एसीच्या दुकानातला तांब्याचा पाइप ब्रेकला लावणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणा.

जुन्या जीपच्या नटांचे आटे ३/८ इंच, २४ यूएनएफ. नव्या भागांचे बहुधा एम१० गुणिले १. पहिल्याचा व्यास ९.५२ मिमी आणि पिच १.०६ मिमी. फरक इतका थोडा आहे की जुना नट नव्या तोंडात जातो, दोन-चार आटे धरतोही. दाब आला की सोलून बाहेर येतो. शिवाय जुन्या नटाला डबल फ्लेअर लागतो, नव्याला बऱ्याचदा बबल फ्लेअर. एकावर दुसरा कितीही आवळला तरी पाझरतो. दोन्ही टोकांना आपापला नट आणि आपापला फ्लेअर करून नवा पाइप घ्या, ॲडॅप्टरवर ॲडॅप्टर लावू नका.

पुढचे रबरी होज चाक पूर्ण खाली लटकवून आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून मोजा. सस्पेन्शन उचललेलं असेल तर मूळ लांबी कमी पडणारच.

पुढची डिस्क

जीपच्या हबला १३९.७ मिमीच्या वर्तुळावर ५ स्टड असतात. डिस्कची पाच भोकं जुळली म्हणजे काम झालं असं नाही. डिस्कचं मधलं भोक हबच्या खांद्यावर अचूक बसायला हवं, त्यासाठी लेथवर डिस्कचं भोक वाढवावं किंवा रिंग बसवावी लागते. फक्त स्टडवर टेकलेली डिस्क डगमगते. डायल गेजने डिस्कच्या कडेजवळ बघा, ०.१ मिमीपेक्षा जास्त वाकडेपणा असेल तर पेडलला धडधड येईल.

कॅलिपरचा ब्रॅकेट जुन्या बॅकप्लेटच्या बोल्टांवर येतो. १० ते १२ मिमीची प्लेट लेझरने कापून घ्या, गॅसकटरने कापलेली भोकं कधी सरळ नसतात. वेल्डिंगचा जोड ब्रॅकेटवर नकोच. डिस्क कॅलिपरच्या मध्यावर येईपर्यंत शिम (पातळ चकत्या) द्या.

डिस्कच्या टोपीच्या जाडीने चाक बाहेर सरकतं आणि स्टड तितका आखूड पडतो. अर्धा इंची स्टडवर नटाचे किमान १३ मिमी आटे धरले पाहिजेत, नसतील तर लांब स्टड दाबून बसवा. जुन्या विलीस रचनेत डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, हे माहीत नसल्याने कितीतरी स्टड पाना लावून तोडले जातात.

मूळ १६ इंची रिममध्ये कॅलिपर बहुधा आरामात मावतो. १५ इंचीत घासतो का बघा, किमान ३ मिमी फट हवी. जांभ्याच्या खडीवर एखादा दगड रिम आणि कॅलिपरच्या मध्ये अडकला तर रिमला गोल चरा पडतो, म्हणून जास्त फट मिळाली तर घ्याच.

कॅलिपर डावे-उजवे असतात. अदलाबदल झाली तरी बसतात, पण निप्पल खालच्या बाजूला येते आणि वरची हवा कधीच निघत नाही. दोन लिटर ऑइल ओतूनही पेडल मऊच असेल तर सगळ्यात आधी निप्पल वर आहे का ते बघा.

आणि बेअरिंगची फट. ड्रमला थोडी चालून जात होती, डिस्कला चालत नाही. बेअरिंग सैल असेल तर खराब रस्त्यावर डिस्क हलून पॅड मागे ढकलते. पुढच्या वेळी पहिला दाब खोल जातो आणि दुसऱ्या दाबाला पेडल वर येतं. हे लक्षण हवेचं नाही, बेअरिंगचं आहे.

एअर काढणं आणि तोल

टीएमसी गाडीला लावण्याआधी व्हाइसमध्ये धरून, दोन छोट्या नळ्या परत टाकीत सोडून, हळूहळू पिस्टन दाबत हवा काढा. मग चाकं. परदेशी व्हिडिओत मागचं उजवं चाक आधी सांगतात, कारण त्यांचं स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून सगळ्यात लांबचं मागचं डावं आधी, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. हे काम इंजिन बंद ठेवून करा. १ लिटर डॉट ४ ऑइल पुरतं. कोरड्या अवस्थेत त्याचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर १५५ वर येतो, आणि पावसाळी हवेत ओल झपाट्याने येते. किनारपट्टीच्या गाडीला दरवर्षी बदला, देशावर दोन वर्षांनी. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका.

पुढे डिस्क आणि मागे ड्रम ठेवल्यावर मागची चाकं आधी लॉक होण्याची भीती असते. जीप आखूड आहे, मागचं लॉक झालं की ती आडवी फिरते. मागच्या लाइनमध्ये हाताने फिरवता येणारा, मागचा दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावा. ओल्या, मोकळ्या, सपाट जागेवर ताशी ३० च्या वेगाने तपासा : पुढची चाकं किंचित आधी धरली पाहिजेत. पुढच्या लाइनला हा व्हॉल्व्ह कधीही लावू नका. नवे पॅड ५० वरून १० पर्यंत दहा-बारा वेळा, पूर्ण न थांबता, मध्ये थंड होऊ देत बसवा.

बूस्टरची चाचणी : इंजिन बंद करून पाच वेळा पेडल दाबा, दाबून धरा, इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली सरकायला हवं. मग इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा. त्यानंतरही दोन दाब मऊ मिळाले पाहिजेत.

वापरात कसं वाटतं

चांगलं जमलेलं काम ताम्हिणीच्या उतरणीला लगेच कळतं. ड्रममध्ये सततच्या ब्रेकने येणारी सुस्ती डिस्कला फार उशिरा येते. ओढा ओलांडल्यावर डिस्क दोन-तीन दाबांत कोरडी होते, तर पाणी गेलेला ड्रम बराच वेळ नुसता घसरतो आणि गाडी एका बाजूला ओढते. चिखलात मात्र डिस्कचे पॅड लवकर झिजतात. काळ्या मातीच्या भागात पावसाळ्यानंतर पॅड बघायलाच हवेत. मागचे ड्रम उघडून धुण्याचं काम सुटत नाही. तीव्र उतारावर लो गिअर आणि इंजिनचा ब्रेक हाच पहिला ब्रेक, तोही बदलत नाही.

खरेदीत एक फरक करा. पेडल बॉक्स, ब्रॅकेट, व्हॅक्यूम टाकी कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून घ्यायला हरकत नाही. बूस्टर, टीएमसी, होज आणि कॅलिपरचे सील मात्र नवेच घ्या. जुना बूस्टर हलवला आणि आत ऑइल किंवा पाणी डुचमळलं तर तो भंगारच आहे. हरियाणातल्या डबवालीहून बांधून आणलेल्या जीपमध्ये बूस्टर आधीच असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या तशाच करा, विशेषतः पाइप आणि पुशरॉडच्या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली वाहनातल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना आरटीओत गाडी दाखवावीच लागते. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि नव्या भागांची बिलं जपून ठेवा. विम्याच्या कंपनीलाही लेखी कळवा.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर कॅलिपरचे बोल्ट, फायरवॉलचे बोल्ट आणि बेअरिंग पुन्हा तपासा, प्रत्येक फ्लेअरवर कोरडं फडकं फिरवा आणि टीएमसी बूस्टरपासून सुटा करून मागे ओल आहे का ते बघा. मागचं सील पाझरत असेल तर ऑइल बाहेर दिसत नाही, ते गुपचूप बूस्टरमध्ये उतरतं. टाकीतली पातळी कमी होते आणि जमिनीवर थेंबही पडत नाही.